दोन लाखांत उभ्याने चालवायची जेट स्की: आधी काय बनवायचं नाही ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चिंचवडचे, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, वेल्डिंग हातात बसलेलं, मित्राकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), आणि जवळ दोन लाख रुपये. मालवणकडच्या एका माणसाकडे बुडून बंद पडलेली जुनी तीन-सीटर यामाहा एक्सएल ७०० आहे, ती तो साठ हजारांत द्यायला तयार आहे. त्यातून उभ्याने चालवायची, तुमच्या मापाची जेट स्की बनवायची. हल, म्हणजे मशीनचं बोटीसारखं अंग, फायबरमध्ये स्वतः घडवायचं आणि जुनं इंजिन गेलेलं निघालं तर पल्सर २२० किंवा ड्यूक ३९० चं इंजिन टाकायचं. हे होईल का, आणि पैसे पुरतील का?

मी वीस वर्षं भोसरीत फायबरचं काम करतोय. दर पावसाळ्यात कोकणातल्या वॉटर स्कूटर दुरुस्तीला येतात, आणि त्याच नादात आजवर तीन उभ्या मशीन बांधल्या. होईल, असंच माझं उत्तर आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे. वेल्डिंग, मशिनिंग, फायबर हे सगळं पुण्यात जमतं. पैसा मरतो तो न जुळणाऱ्या भागांना जुळवण्यात. म्हणून इंजिन, शाफ्ट, पाणी मागे फेकून मशीन पुढे ढकलणारा पंप आणि तळातून पंपाकडे पाणी नेणारा बोगदा हे चारही एकाच मशीनमधून घ्या आणि त्यांचं मूळ नातं मोडू नका. तुमची कल्पकता तळाच्या वरच्या भागात चालू द्या: उभं राहायची जागा, हँडल धरून ठेवणारा दांडा, हँडल, उंची, रुंदी. 'कस्टम'चा खरा फायदा शरीराला तिथेच मिळतो.

आधी वजनाचं बोलू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. कावासाकीने १९७३ मध्ये 'जेट स्की' हे नाव बाजारात आणलं ते ४०० सीसीच्या उभ्या मशीनला. बसायची मोठी मशीन नंतर आली आणि आपल्याकडे किनाऱ्यांवर तीच पसरली. यामाहाची सुपरजेट १९९० ला आली. टू-स्ट्रोक सुपरजेट साधारण सव्वादोन मीटर लांब, ६८ सेंटिमीटर रुंद आणि १४० किलोच्या आसपास आहे. एवढ्याशा अंगावर ७५ किलोचा माणूस चढला की थांबलेलं मशीन जवळजवळ गळ्यापर्यंत पाण्यात जातं. त्याला तोलून धरतो तो वेग. आधी गुडघ्यावर बसून मशीन पाण्यावर चढवायचं आणि ते पाण्यावर सपाट धावायला लागलं की उभं राहायचं. म्हणजे सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत पंपाने जोरात रेटा दिलाच पाहिजे. मशीन १५ किलोने जड झालं तर तोच क्षण लांबतो आणि शिकाऊ माणूस तिथेच पडतो.

आता पल्सर. पल्सर २२० चं इंजिन सुमारे २० हॉर्सपॉवरचं. १९७३ चं ते पहिलं ४०० सीसीचं मशीनही याहून ताकदवान होतं. जेट पंप मागतो ती ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते आणि तो देतो तो रेटा फेऱ्यांच्या वर्गाने. समजा, मिनिटाला ६,००० फेऱ्यांना पंपाला ६० हॉर्सपॉवर लागते. त्याच पंपाला २० हॉर्सपॉवरचं इंजिन जोडलं तर तो सव्वाचार हजारांच्या अलीकडेच अडकेल आणि रेटा मूळच्या निम्म्याहूनही कमी मिळेल. मशीन पाण्यात नांगरासारखं चालेल, वर चढणार नाही. जुन्या ड्यूक ३९० ची ४३ हॉर्सपॉवर कागदावर बरी दिसते, पण ती ९,००० फेऱ्यांना मिळते आणि पंप त्याहून खालच्या फेऱ्यांसाठी बांधलेला असतो. मग गिअरबॉक्समधून ताकद बाहेर काढा, चेन किंवा बेल्ट लावा, त्याला जलरोधक घर करा. हे सगळं बसेल एवढी जागा त्या अरुंद अंगात नाही.

ताकदीपेक्षाही मोठी अडचण पाण्याची आहे. हे मशीन दिवसातून पन्नास वेळा उलटणार. बाइकचं फोर-स्ट्रोक इंजिन उलटलं की तळातलं ऑइल नको तिथे जातं. फ्लोटचा कार्ब्युरेटर आडवा झाला की पेट्रोल ओततो. जेट स्कीचा कार्ब्युरेटर डायफ्रामवर चालतो, त्याला आडवं-उभं कळत नाही. शिवाय पल्सरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. बंद डब्यात त्याला वारा कुठून मिळणार? कोणी मारुती ८०० चं इंजिन सुचवलं तरी त्याला नाही म्हणा. जेट बोटीसाठी ते चांगलं आहे, पण उभ्या मशीनसाठी जड आणि उंच पडतं.

आता तुम्हाला मिळतेय त्या एक्सएल ७०० कडे येतो, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. त्यात ७०१ सीसीचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, आणि सुपरजेटचं ७०१ त्याच घराण्यातलं आहे. म्हणजे ते अशा हलक्या अंगात शोभतं हे आधीच सिद्ध झालेलं आहे. एखादी फोर-स्ट्रोक तीन-सीटर मिळाली असती तर मी वेगळं सांगितलं असतं: पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, किल्लीचा कोड, सगळं सोबत आलं तरच हात लावा. टू-स्ट्रोकला सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट), स्टेटर (वीज तयार करणारा भाग), कॉइल आणि स्टार्टर चालले की पुरे.

पण 'बुडालेली' या शब्दावर थांबा. कधी बुडाली आणि बाहेर काढल्यावर काय केलं, हे दोन प्रश्न साठ हजारांपेक्षा मोलाचे आहेत. बाहेर काढल्याबरोबर प्लग काढून पाणी उडवलं असेल, ऑइल सोडून इंजिन फिरवलं असेल, तर वर्षानंतरही आतला माल शाबूत सापडतो. खाऱ्या पाण्यासकट आठवडाभर झाकून ठेवलं असेल तर क्रँकची, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या शाफ्टची, बेअरिंग गंजलेली समजा. मालवणला जाताना प्लग पाना, टॉर्च, कॉम्प्रेशन गेज आणि मोबाइलला लागणारा छोटा कॅमेरा न्या. आधी प्लग काढून कपलर (इंजिन आणि शाफ्ट जोडणारा भाग) हाताने फिरवा. फिरला तर लक्ष कानांपेक्षा बोटांकडे द्या: गुळगुळीत फिरतोय की वाळू भरडल्यासारखं लागतंय? फिरतच नसेल तर किंमत निम्म्यावर आणा किंवा फक्त पंप, बोगदा आणि इलेक्ट्रिकचे पैसे द्या. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून खूश होऊ नका. कॉम्प्रेशन फक्त वरची, म्हणजे पिस्टन-रिंगची गोष्ट सांगतं. क्रँकबद्दल ते गप्प असतं.

पंपात टॉर्च मारा. इंपेलरची (पंपातल्या फिरत्या पंख्याची) पाती आणि भोवतीची वेअर रिंग यांच्यातली फट चहूबाजूंनी सारखी आणि बारीक हवी. रिंगवर खोल चरे असतील तर वाळू ओढलेली आहे. रिंग बदलता येते, पाती घासून नीट होतात, पण पंपाची बेअरिंग बसली असेल आणि घराला खारं पाणी खाऊन गेलं असेल तर खर्च वाढतो. आणि कागद मागा. आयातीचं बिल, खरेदीची पावती, नोंदणी असेल तर तिची प्रत. पुढे नोंदणीचा विषय निघेल तेव्हा 'हे इंजिन कुठून आलं' हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

इंजिनाचं काम पुण्यात होतं, आणि याचा मला खरंच अभिमान वाटतो. येझदी, आरडी ३५०, आरएक्स १०० या गाड्यांनी या शहरात टू-स्ट्रोकचा हात असलेली एक पिढी घडवली. या यामाहाचा क्रँकही तसाच, प्रेसने दाबून जोडलेला. नाना पेठेच्या आसपास अजून असे कारागीर आहेत जे क्रँक उघडतात, बेअरिंग आणि रॉड बदलतात आणि दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून सरळ करतात. फक्त रॉडचं किट आणि बेअरिंग आधी हातात आणा, मगच क्रँक उघडायला द्या. सिलेंडरचं बोअर (आतून किंचित मोठं करणं) आणि होनिंग (आतून घासून नीट करणं) कुठेही होईल, पण पिस्टन आणून त्याच्या मापाने बोअर करायचा. बोअर करून मग पिस्टन शोधायला गेलात की अडकलात.

इंजिन बांधून झालं की एक चाचणी करायचीच, ती म्हणजे दाबाची. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबर-प्लेटने बंद करा, एका प्लेटला ट्यूबचा वॉल्व्ह लावा आणि ७-८ पीएसआय हवा भरा. काही मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये सीलजवळून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनचं डोकं वितळतं. माझ्या पहिल्या मशीनला ही चाचणी मी घाईत गाळली. दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या मधोमध इंजिन जाम झालं. सील किरकोळ किमतीचं होतं, गेला पिस्टन, गेला बोअर आणि गेला सगळा हंगाम.

मूळ मशीनमध्ये ऑइल आपोआप मिसळणारा पंप असेल. बुडालेल्या मशीनमधल्या त्या पंपावर मी विश्वास ठेवत नाही. तो काढा, त्याची जागा प्लेटने बंद करा आणि टाकीतच ऑइल मिसळा. सुरुवातीच्या काही टाक्या ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली. नंतर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचं, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं घ्या. बाइकचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी बनतं, ते इथलं नाही. आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या कार्ब्युरेटरची डायफ्राम, नळ्या आणि ओ-रिंग त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून कार्ब्युरेटर किट नवंच टाका आणि नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. इथेनॉल पाणी शोषतं. पाण्याच्या सान्निध्यात महिनाभर ठेवलेल्या टाकीत पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि तिथेच तुमची सक्शनची नळी असते. फिरून आलात की टाकी रिकामी करायची सवय लावा. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं पातळ पडतं, तेव्हा कार्ब्युरेटरचं जेटिंग किंचित श्रीमंत, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त जाईल असं ठेवा आणि प्लगचा रंग बघत राहा.

आता तुमचा आवडता विषय, हल. तीन-सीटरचा तळ मधोमध कापून अरुंद करायचा विचार डोक्यात आला असेल तर तो सोडा. त्या तळाचे कोन आणि कडा तिप्पट वजनासाठी आहेत. परदेशातून नुसतं उभं हल मागवता येतं, पण वजनाने हलकी आणि आकाराने मोठी वस्तू असल्यामुळे भाडं आकारमानावर लागतं आणि वर जकात. दोन लाखांत ते बसणार नाही. म्हणजे हल घडवायचंच. मग सगळ्यात अवघड तुकडा जुन्या हलातून उचला: पाणी आत घेणारा बोगदा, जाळीची जागा आणि पंप बसतो ती मागची चौकट, हे एकाच तुकड्यात, भोवती हातभर मार्जिन सोडून कापून घ्या. त्या बोगद्याचा उतार कंपनीने पुष्कळ चाचण्या करून ठरवलेला असतो. तो आपण अंदाजाने ओतला तर पंप पाण्याऐवजी हवा गिळतो, इंजिन किंचाळतं आणि मशीन जागचं हलत नाही.

तुम्हाला लाटांवर उड्या मारायच्या आहेत की धरणाच्या सपाट पाण्यावर सरळ धावायचं आहे, यावर तळाचा आकार ठरतो. उड्या मारणाऱ्यांचं हल आखूड आणि पुढून वर वळलेलं असतं. ते पहिल्या मशीनला नको. तुम्ही साधा, उथळ व्ही आकाराचा तळ करा आणि मागचे ६० सेंटिमीटर पट्टीसारखे सरळ ठेवा. तिथे तळ केळ्यासारखा वर वळला तर मशीन बेडकासारखं उसळत राहतं. खाली वळला तर नाक पाण्यात घालतं. चार-पाच मिलिमीटरचा फरकही चालवताना जाणवतो. मी हे ॲल्युमिनियमची लांब पट्टी आणि टॉर्च घेऊन तपासतो: पट्टी तळाला लावायची आणि पलीकडून उजेड येतो का ते बघायचं.

फायबरच्या रसायनाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चूक जीवावर बेतू शकते. आपल्या बाजारात पॉलिएस्टर रेझिनसोबत कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. या दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होऊन पेट घेतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर घालायचा. दोन बाटल्या एका कपाटातही ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल डोक्यावर नाही, डोळ्यांवर.

आकारासाठी थर्मोकोल कापायला सोपा म्हणून लोक तो घेतात आणि वर पॉलिएस्टर ओततात. रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोलला खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. थर्मोकोल वापरायचाच तर वर इपॉक्सी मारा, नाहीतर पीयू फोम किंवा पीव्हीसी फोम घ्या. उलट बाजूने, साधी चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या धाग्यांची चटई) इपॉक्सीसोबत नीट भिजत नाही, कारण तिच्या धाग्यांना धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणून असतो. इपॉक्सीसोबत शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड वापरा. माझी पद्धत: बाहेरून कापड, मध्ये फोम, आतून कापड आणि तळाच्या मधल्या पट्ट्याला व इंजिनाखाली जादा थर. पैसे वाचवायला डेकला (हलच्या वरच्या झाकणाला) आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर चालेल. पण जुन्या बोगद्याचा तुकडा नव्या तळात बसवताना इपॉक्सीच. जुनं हल साच्यात दाबून बनवलेलं असतं, त्याला पॉलिएस्टर धड चिकटत नाही. ४० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण घालवा, ॲसिटोनने पुसा आणि जोडाला जाडीच्या बारापट लांबीचा उतार द्या. ५ मिलिमीटरची भिंत असेल तर ६ सेंटिमीटरचा उतार.

हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डब्यातच रेझिन जमतं आणि धूर सोडतं. जुलैमध्ये दमट हवेने इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर सुटतो. गणपतीचे देखावे आणि गाड्यांचे बंपर करणारी पुष्कळ फायबरवाली मंडळी शहरात आहेत. त्यांच्याकडे पंधरा दिवस मदतीला राहिलात तर रोलरने हवा कशी काढायची हे शंभर व्हिडिओंपेक्षा लवकर हातात येईल.

जुळणीचा क्रम उलटा करू नका. आधी पंप, मग शाफ्ट, मग इंजिन, आणि डेक सगळ्यात शेवटी. डेक चिकटवल्यावर आत हात जात नाही. पंप बोगद्यात बोल्ट करून पक्का केलात की त्याच्या मध्यातून पुढे येणारी एक सरळ दांडी लेथवर करून घ्या. ती दांडी सांगेल तिथे इंजिनाचा कपलर यायला हवा. इंजिन बेडवर पॅकिंगवर ठेवा, दोन्ही कपलरवर सरळपट्टी धरा, वर-खाली-डावी-उजवीकडे चार ठिकाणी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला आणि सगळीकडे सारखी फट येईपर्यंत स्टेनलेसच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालत राहा. त्यानंतरच माउंटच्या प्लेटी हलात कायमच्या बसवा. माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये मी प्लेटी आधी चिकटवल्या आणि मग इंजिन ओढून बसवलं. जेमतेम मिलिमीटरचा फरक होता. पहिल्या वीस मिनिटांत कपलरमधल्या रबराचा भुगा झाला आणि मधल्या बेअरिंगचं सील गेलं. तुमचं हल आखूड असल्यामुळे शाफ्टही आखूड करावा लागेल. ते काम भोसरीतल्या चांगल्या लेथवाल्याकडे द्या आणि परत आल्यावर व्ही-ब्लॉकवर फिरवून डायलने सरळपणा तपासा. मित्राची व्हीएमसी खरी उपयोगी इथे आहे: माउंटच्या प्लेटी, दांड्याचा ब्रॅकेट, ऑइल पंपाची प्लेट. तिच्यावर इंपेलर बनवायच्या फंदात पडू नका.

इथून पुढे मशीन तुमचं. उभं राहायच्या तबकाची रुंदी तुमच्या पायांवर ठरवा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गुडघ्यावर बसा, मग उभे राहा, दोन्ही वेळच्या खुणा करा आणि दोन्ही बसतील एवढी जागा द्या. दांडा ६०६१ किंवा ६०८२ ॲल्युमिनियमचा, आर्गॉन वेल्डिंगने. वेल्डजवळ हे ॲल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून वळणांना गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) द्या आणि बिजागरीचा ब्रॅकेट डेकच्या नुसत्या कातडीवर न लावता आतून प्लेट देऊन बोल्ट करा. पाण्यातून वर चढताना तुम्ही सगळं वजन त्याच दांड्यावर ओढता. नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. रविवार पेठेत मागताना ग्रेड सांगून मागा आणि ॲल्युमिनियमला लागतील तिथे ग्रीस किंवा सीलंट लावा, नाहीतर दोन धातू मिळून खातात.

एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं, म्हणून वॉटर बॉक्सची (एक्झॉस्टमधलं पाणी अडवणाऱ्या डब्याची) जागा नीट ठरवा: उलटल्यावर पाणी इंजिनाकडे जाऊ नये. तुमच्या मांडणीत मशीन कुठल्या बाजूने सरळ करायचं हे त्यावरून ठरेल, आणि तो बाण मागच्या बाजूला रंगवा. नाकात आणि बगलांत बंद पेशींचा फोम भरा. एक लिटर फोम जवळपास किलोभर उचलतो. हल फुटलं तरी मशीन दिसत राहिलं पाहिजे. हाताला अडकवायची दोरी ओढली की इंजिन बंद, हा स्विच पहिल्या चाचणीपासून हवा. इंजिनच्या खणाला हवा खेळती ठेवा आणि पेट्रोलचा वास येत असताना कधीही स्टार्टर मारू नका.

आता पैशाचा हिशोब. साठ हजार मशीनला गेले. तेवढेच इंजिन आणि कार्ब्युरेटरला धरा, चाळीस हजार हल आणि दांड्याला. उरलेले चाळीस आज नाहीतच असं समजून बाजूला ठेवा. पहिल्यांदा पाण्यात उतरल्यानंतर ते लागतात, दर वेळी लागतात. क्रँक वाचला असेल तर दोन लाखांत मशीन उभं राहतं. क्रँक गेला आणि दुसरा शोधावा लागला तर हिशोब मोडतो, आणि तेव्हा हल थांबवून इंजिन आधी पुरं करा. उधारीवर दोन्ही एकदम ओढलेली अर्धी मशीन मी तीन-चार शेडमध्ये धूळ खाताना पाहिली आहेत. शिरस्त्राण, जॅकेट आणि जाड रबरी विजार या हिशोबाबाहेर ठेवा, त्यावर काटकसर नको. विजारीचं कारण लोक लाजून सांगत नाहीत: मागून पडताना जेटची धार शरीरात शिरून आतून गंभीर इजा करते. साध्या बर्म्युड्यावर या मशीनवर कोणालाही चढू देऊ नका.

चालवायचं कुठे, हे मशीन बांधायच्या आधी विचारा. खडकवासल्याचं पाणी पुणेकर पितात; टू-स्ट्रोकचं ऑइल त्यात सोडायचं नाही, परवानगीचा प्रश्नच बाजूला. इतर धरणांवर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि पवनेसारख्या नदीत जलपर्णी एवढी असते की जाळी दोन मिनिटांत बंद होते. नदी-धरणांतल्या यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली येते. घरी बांधलेल्या मशीनला काय कागद लागतील हे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे लेखी विचारा. बांधकामाचे फोटो, रेझिन आणि फोमची बिलं, इंजिनाची पावती, सगळं फाइलला लावत चला. पावसाळ्यात कोकणात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा पहिली चाचणी त्या काळात पडणार नाही असं बघा.

त्या चाचणीआधी घरी इंजिन चालवाल तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी इंजिन सुरू, मग पाण्याचा पाइप, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर एक्झॉस्टमधून पाणी सिलेंडरमध्ये शिरतं. पाण्याशिवाय दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. पाण्यात पहिल्या दिवशी दोरीने बांधून कमरेएवढ्या पाण्यात उतरवा, तळाशी वाळू नसलेल्या जागी, आणि फक्त गळती बघा. मग पाच मिनिटं हळू, बाहेर काढा, कपलरला हात लावून गरम आहे का बघा, प्लग काढून रंग बघा. अर्धा थ्रॉटल दुसऱ्या दिवशी. पूर्ण थ्रॉटलची घाई नको. इंजिन फेऱ्या पकडत नसेल तर इंपेलरच्या पात्यांचा कोन जास्त आहे, फेऱ्या उसळून रेटा येत नसेल तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. बहुतेक वेळा बोगदा आणि पंपाच्या मधल्या सीलंटमधून.

मालवणला जाऊन आलात की कपलर हाताने फिरवतानाचा व्हिडिओ आणि प्लगच्या भोकातून काढलेले सिलेंडरच्या आतले फोटो टाका. पैसे देण्याआधी टाका. बघून त्याच दिवशी सांगतो.